दोन लहान की एक मोठं

आमची होडी दातिवऱ्याच्या किनाऱ्याला सगळ्यांत शेवटी लागायची. आज हे मी हसत सांगतो, पण विशीत मला याची इतकी लाज वाटायची की होडी दिसू लागली की मी उगाच दुसरीकडे बघायचो. तिच्या पोटात एक जुनं डिझेल इंजिन होतं, बाबांनी कुणाकडून तरी वापरलेलं घेतलेलं. ते चार ठोके नीट मारायचं आणि पाचवा गाळायचं. टुक टुक टुक टुक, मग जरा विचार करून पुन्हा टुक. आई ओटीवर जाळं विणत बसलेली असायची. तो गाळलेला ठोका कानावर आला की ती सुई जाळ्यात खोचून उठायची आणि चुलीवर आधण ठेवायची. भात शिजायचा, बोंबलाचं कालवण उकळायचं, तरी होडी अजून खाडीच्या तोंडाशीच. मग ती पाटी घेऊन सावकाश खाली उतरायची. तोवर मासळी घ्यायला आलेले टेम्पो निघून गेलेले असायचे आणि किनाऱ्यावरची टवाळ मंडळी ओरडायची, "आली रे म्हातारी, हात द्या कुनीतरी!" बाबा त्यांच्याबरोबर हसायचे. मला ते जमायचं नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटली तेव्हा इंजिनाने कायमची मान टाकली, आणि ते उपसून काढताना ओल्या फळीवरून घसरून बाबांचा पाय मोडला. पालघरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि तीन महिने खाट सोडायची नाही असं बजावलं. बाबांची खाट ओटीवर आली. तिथून समुद्र दिसत नसे, मध्ये सुरूची झाडं होती. पण आवाज सगळे यायचे. ते डोळे मिटून पडून राहायचे आणि मध्येच म्हणायचे, "पानी फिरला," म्हणजे भरतीची ओहोटी झाली. आम्ही ते ऐकून सोडून द्यायचो, जसं घड्याळाचा टोला ऐकून सोडून देतो.

होडी आता माझ्या हाती आली. मी तेव्हा कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात आठ महिने लेथवर हेल्पर म्हणून काढून परत आलो होतो. आठ महिने म्हणजे काय, लोखंडाचा कीस झाडायचा आणि कारागिराला चहा आणून द्यायचा. पण गावात मी असा वावरायचो की इंजिन या वस्तूचा शोध माझ्यासमोरच लागला असावा. कुणाचं मशीन अडलं की मी कानाला हात लावून ऐकायचो आणि मान हलवायचो. आई एकदा म्हणाली, "उथळ पान्याला खळखळाट फार." मला वाटलं ती खाडीबद्दल बोलते आहे.

तेव्हा आमच्या भागात होडीच्या पाठीमागच्या फळीला लटकवायची इंजिनं नवीनच येऊ लागली होती. पोटातलं अवजड धूड काढून टाकायचं, जागा मोकळी करायची, आणि मागे हे टांगायचं. बोईसरला एक दुकान होतं, तिथे मी आणि लहानू गेलो. लहानू आमचा खलाशी. मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावरचा. भात कापून झाला की दरवर्षी आमच्याकडे यायचा आणि पावसाच्या तोंडावर परत जायचा. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा. तो मला "भाऊ, तुमी" म्हणायचा, आणि मी त्याला "ए लहानू, तू". हे लिहिताना आत्ता पेन थांबलं, तेव्हा जीभ कधी थांबली नाही.

दुकानदार उत्तरेकडचा होता, सरळ माणूस. त्याने दोन पर्याय दाखवले. एक म्हणजे दोन लहान इंजिनांची जोडी, रॉकेलवर चालणारी, काळपट, दिसायला एखाद्या हातपंपासारखी. त्यांचा पंखा रुंद आणि सावकाश फिरणारा. दुसरं म्हणजे एकच मोठं पेट्रोलवरचं इंजिन, पांढरंशुभ्र, कडेला निळा पट्टा. त्याचा पंखा निमुळता आणि वेगाचा. दुकानदाराने विचारलं होडीत काय काय असतं, किती माणसं, किती जाळं. लहानूने सांगितलं. तो म्हणाला, "भाई, आपका काम बोझ खींचने का है, दौड़ लगाने का नहीं. जोड़ी ले जाओ. बड़ा वाला खाली नाव में मज़ा देगा, माल में रोएगा." महाग वस्तू विकायची सोडून स्वस्त घ्या म्हणणारा दुकानदार मला पुढे आयुष्यात भेटला नाही. पण माझे डोळे त्या निळ्या पट्ट्यावर खिळले होते. मला ती होडी दिसत होती, सगळ्यांना मागे टाकून खाडीत शिरणारी, आणि किनाऱ्यावरची तोंडं बंद झालेली.

घरी येऊन मी बाबांना दुकानदाराचं म्हणणं अर्धंच सांगितलं. बाबा म्हणाले, "दोन घेऊ. होडीला वल्ही दोन का असतात? एक मोडला तर दुसरा घरी आनतो." मी म्हणालो, आता जमाना बदलला, मोठं इंजिन बंद पडतच नाही. बराच वाद झाला. शेवटी बाबांनी तोड काढली, आणि ती खास आमच्याकडची होती. म्हणाले, "दोन्ही आन. एकाच दिवशी पान्यात लाव. धक्क्यावरून खाडीच्या तोंडाच्या खुंटापर्यंत ने. पन दोन्ही वेळा भरतीच्या उलट, आनि दोन्ही वेळा ओलं जाळं होडीत घालून. ज्याला कमी वेळ लागंल ते आपलं." आमच्याकडे गायबैल पारखतात तशी होडीही पारखली जाते, पाण्याच्या तोंडावर घालून. मी हो म्हटलं.

दुकानदाराने मेकॅनिकसोबत दोन्ही इंजिनं टेम्पोतून पाठवली. दिवस पुनवेचा दुसरा. उधाणाचं पाणी. आईने दोन्ही इंजिनांना हळदकुंकू लावलं, दोघांपुढे एक एक नारळ फोडला. "कोन आपलं होईल ते आताच काय म्हायती," म्हणाली. सकाळी दहाच्या सुमाराला भरती रोरावत आत येत होती. आम्ही जोडी लावली, ओलं जाळं होडीत चढवलं आणि निघालो. ती काळी जोडी कुरकुर न करता, बैल नांगर ओढतो तशी, पाणी कापत राहिली. खुंटापर्यंत पोचायला वेळ लागला, पण एकदाही दम टाकला नाही. लहानू पुढून ओरडला, "भाऊ, ही ब्येस हाय!" मी घड्याळात बघून आकडा लिहिला आणि होडी वळवली.

मग लगेच मोठं लावायला हवं होतं, भरती अजून तासदोन तास होती. मी मेकॅनिकला जेवायला बसवलं. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेले बांगडे वाढले, त्याला हिंदीत आग्रह केला, "खाव, खाव, शरम नको." मी त्याला आणखी वाढायला सांगत राहिलो. मग म्हणालो, जरा आडवे व्हा. बाबा दुपारची दुखण्याची गोळी घेऊन झोपले होते, निदान माझी तशी समजूत होती. तिसऱ्या प्रहरी पाणी फिरून जोरात बाहेर ओढू लागलं, तेव्हा मी सगळ्यांना उठवलं. लहानू होडीत जाळं चढवायला गेला, तर मी म्हटलं, "राहू दे, वाळत घाल ते." तो जाळ्याचा ढीग छातीशी धरून उभाच राहिला. "बाबानं सांगितलाय ना, भाऊ. आनि पानीपन उतरतंय." मी म्हटलं, "मालक कोण, तू की मी?" त्याने जाळं वाळूवर ठेवलं. मेकॅनिकला पाण्याचं काही कळत नव्हतं. होडी रिकामी, ओहोटी पाठीशी, आणि ते पांढरं इंजिन. आम्ही खुंटाशी इतक्या लवकर पोचलो की मेकॅनिक टाळ्या वाजवून म्हणाला, "मक्खन!"

संध्याकाळी बाबांच्या खाटेशी मी दोन आकडे ठेवले. बाबांनी ते बघितले. विचारलं, "दोन्ही वेळा भरती व्हती?" मी म्हणालो, हो. "जाळं व्हतं?" हो. मग त्यांनी मान वळवून दाराशी बसलेल्या लहानूला विचारलं, "काय रे, असंच झालं?" लहानूने माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेव्हा लख्ख उजेड पडला होता. आता हा बोलणार. तो जमिनीकडे बघून म्हणाला, "व्हय बाबा. भाऊ सांगतो तसाच." बाबांनी आकड्यांचा कागद घडी घालून मला परत दिला. मग म्हणाले, "मग घे मोठं."

पुढचे दोन महिने माझे पाय जमिनीवर नव्हते. होडी रिकामी जाताना पाण्यावर उडायची. परतताना मात्र मासळी आणि ओलं जाळं असलं की तिचं मागचं टोक खाली बसायचं आणि इंजिन नुसतं किंचाळायचं. पण ते बघायला किनाऱ्यावर कुणी नसे. आम्ही मासळीच कमी भरायचो आणि लवकर परतायचो. आईला एक अडचण झाली होती. या इंजिनाचा आवाज तिला ओळखू यायचा नाही. सगळ्यांच्या नव्या इंजिनांसारखाच तो. ती चुलीपाशी उठबस करत राहायची आणि भात एक तर कच्चा राहायचा नाही तर करपायचा. मी म्हणायचो, "आये, शिकशील." त्या पावसाळ्यात चार महिने बसून तिने नायलॉनचं एक मोठं जाळं विणलं होतं, सगळ्यांत लांब. बाबांच्या दुखण्यात, ओटीवर त्यांच्या पायाशी बसून तिने त्याची शेवटची टोकं बांधली. मी ते समुद्रात नेलं तेव्हा तिने त्याला एकदा हात लावून घेतला.

त्या दिवशी होडीवर रोज येणारा तिसरा गडी लग्नाला गेला होता. नवं इंजिन असताना दोघं पुरेत, असं मी म्हणालो. आम्ही जाळं टाकलं आणि दुपारी ओढायला लागलो. मासळी चांगली होती. अर्धं जाळं होडीत आलं, अर्धं पाण्यात, तेवढ्यात वारा सुटला. उत्तरेला पाण्याखाली खडक आहेत, भरतीचं पाणी जाळ्यासकट होडीला तिकडे नेऊ लागलं. अशा वेळी इंजिनाने होडी जागच्या जागी धरून ठेवायची असते आणि माणसांनी जाळं आत ओढून घ्यायचं असतं. काम कठीण, पण रोजचं. मी इंजिन वाढवलं. पंखा पाण्यात भोवरा करून नुसता फिरत राहिला, होडी तसूभर हलेना. आणखी वाढवलं तर मागची फळी खाली गेली आणि पाणी आत यायला लागलं. त्या काळ्या जोडीने हे काम न रडता केलं असतं, हे मला त्या क्षणी कळलं, अगदी शब्दाशब्दाने. खडकांवर फुटणारं पाणी आता पांढरं दिसत होतं. मी ओरडलो, "लहानू, काप!"

त्याने ऐकलं नाही असं दाखवलं आणि ओढत राहिला. त्याच्या तळहातांतून रक्त येत होतं. मी पुन्हा ओरडलो. तो म्हणाला, "भाऊ, आयेचा जाला हाय. जरा धरा ना होडी." मी होडी धरू शकत नव्हतो, आणि ते का, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्याने कमरेची सुरी काढली आणि कापलं. दोर तुटला तशी होडी हलकी झाली, उसळली, आणि इंजिन मजेत धावायला लागलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला लागलो.

टेम्पो उभे होते, माणसं उभी होती, आणि आई पाटी घेऊन उभी होती. तिने होडीत वाकून बघितलं. "बाकीचा जाला?" मी नांगराचा दोर बांधत होतो. तो दोर बांधायला मला फार वेळ लागला. लहानू खाली उतरला, सुरी अजून हातातच, आणि म्हणाला, "मी कापला, आये." आई त्याच्याकडे बघत राहिली. तिने जन्मात कुणाला वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "डोंगरातला मानूस तू. दर्या तुला काय कळनार. घाबरला आनि कापलास." बाजूची माणसंही बोलली. परक्या माणसाला बोलायला तोंड लवकर उघडतं. मी दोर बांधत राहिलो. घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "कोनी कापलं?" मी म्हणालो, "लहानूनं." ते खरं होतं. आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो, पण ते एक खरं बोललेलं मला आजही गिळता येत नाही.

लहानू दुसऱ्या दिवशी तळहातांना फडकं बांधून गेला. जाताना बाबांच्या पाया पडला. मला म्हणाला, "येतो, भाऊ." पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही ते पांढरं इंजिन एका हौशी गिऱ्हाईकाला विकलं आणि दोन काळी आणली. मीच सुचवलं. सगळे म्हणाले, पोरगं शहाणं झालं. भात कापून झाला, आजूबाजूच्या होड्यांवर डोंगरातले खलाशी आले. आमच्याकडे कुणी आलं नाही. बाबा तेव्हा काठी घेऊन हिंडायला लागले होते. मी त्यांना म्हणालो, "यंदा लहानू नाय आला."

बाबा जाळं तरंगत ठेवणारे बोये बघत बसले होते. वर न बघता म्हणाले, "पुनवेचा दुसरा दिस व्हता तो. सकाळी पानी चढत व्हतं, तिसऱ्या पारी उतरत व्हतं. खाटेवर पडलो म्हनून मला पानी कळत नाय?" मी विचारलं, मग तेव्हा 'घे मोठं' का म्हणालास? ते म्हणाले, "मलापन वाटलं, एकदा तरी पयले येऊ." त्यांनी हातातला बोया खाली ठेवला. "आनि लहानूनं तुजं खोटं माज्यासमोर झाकलं. त्याला खोटा पाडायचा माजा जीव झाला नाय. मला वाटलं, तू उघडशील. जाळ्याच्या दिवशी तरी." मग काठी टेकून उठले. "तो तुज्यासाठी खोटा बोलला. तुला त्याच्यासाठी एक खरा बोलता आला नाय. जा, सांगून ये."

माझा नातू बोईसरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मला समुद्राच्या गोष्टी विचारतो. मी त्याला वादळाची गोष्ट सांगतो, खडकांची सांगतो, आणि जाळं कापलं इथे थांबतो. तो टाळ्या वाजवतो. पुढचं त्याला कधी सांगितलं नाही.

मी गेलो. पालघरहून एसटीने मनोर, पुढे चालत. आईने सुके बोंबील आणि जवळा बांधून दिला होता. तिला वाटलं मी खलाशी शोधायला चाललो आहे. वाटभर मी एकच वाक्य घोकत होतो: जाळं मी कापायला लावलं, चूक माझी. इतकंच. पाड्यावर कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात लहानूची बायको सुपात नाचणी पाखडत होती. तिला मी कधी बघितलं नव्हतं. नाव सांगितलं तशी ती गडबडून उठली, पोतं अंथरलं, तांब्या आणला. लहानू विटांच्या भट्टीवर गेला होता, भिवंडीकडे, शिमग्याशिवाय येणार नाही. मी पाणी प्यायलो. म्हटलं, बायकोला सांगू, ती त्याला सांगेल. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलायला लागली. हात जोडून.

"भाऊ, तो लाजंनी नाय आला. आयेनं चार महिने विनलेला जाला त्यानं कापला. घरी आला तवा सांगत व्हता, मी घाबरलो, भाऊ नको नको बोलत व्हता तरी कापला. रातीचा झोपेत हात झटकतो. तुमचा लय नुकसान झाला. त्याचेवर राग नका धरू. आमाला माफी करा."

त्याने घरातसुद्धा माझं खोटं सांभाळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते दोन जोडलेले हात होते आणि घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. ते वाक्य म्हणायला एक श्वास पुरला असता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "असू दे, बाय. होतं असं."

तिचा चेहरा उजळला. ती घाईने आत गेली, नाचणीच्या पिठाची पुरचुंडी बांधून घेऊन आली आणि म्हणाली, "आयेला द्या." मी ती घेतली.